केंटकी, १८९९: मोजणारे आपले, तरी आकडा दुसऱ्याचा

नदीपलीकडचा (धागाकर्ता)

आम्ही राहतो सिनसिनाटीत, ओहायो नदीच्या उत्तर काठाला. पूल ओलांडला की कॉव्हिंग्टन, म्हणजे केंटकी राज्य सुरू. गेल्या ऑक्टोबरात आईबाबा आले होते, त्यांना घेऊन केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट बघायला गेलो. राजधानी म्हणायची, पण गाव एवढंसं. जुन्या विधानभवनासमोर बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले आणि म्हणाले, "अरे, इथे फरशीत पाटी आहे बघ." विल्यम गोबेल नावाचा माणूस गोळी लागून पडला ती ही जागा. जवळच त्याचा पुतळा. बाबांनी विचारलं, "हा कोण?" आठ वर्षं इथे काढून मला सांगता येईना. घरी येऊन वाचायला बसलो, ते अजून उठलेलो नाही.

आधी एक खुलासा. इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. त्याला लोक थेट मतदानाने निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. आपल्या हिशेबात मुख्यमंत्र्याच्या जवळचं पद.

गोबेल जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, जन्म १८५६ चा. वाढला कॉव्हिंग्टनमध्ये, वकील झाला आणि १८८७ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये गेला. पक्ष डेमोक्रॅटिक. पण नेत्याचा साचा म्हणून जे काही असतं त्यातलं त्याच्याकडे काही नव्हतं. भाषण फर्डं नाही, खांद्यावर हात टाकून बोलणं नाही, लग्न केलं नाही, जिवलग मित्र मोजके. होतं ते डोकं, चिकाटी आणि एक ठरलेला शत्रू: लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वे. शेतकऱ्याचा माल त्या रेल्वेनेच जाणार, भाडं तीच ठरवणार आणि विधिमंडळातही तिचीच माणसं बसलेली. १८९०-९१ मध्ये राज्याची नवी घटना लिहिली गेली तेव्हा गोबेलने रेल्वे आयोगाची तरतूद घटनेतच घालून घेतली. साधा कायदा असता तर रेल्वेने पुढच्या अधिवेशनात तो रद्द करून घेतला असता. घटनेला हात लावणं तितकं सोपं नाही.

आता दुसरी बाजू. कॉव्हिंग्टनमध्ये जॉन सॅनफर्ड नावाचा बँकवाला होता, यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला. गोबेलने काही रस्त्यांवरचे टोल उठवायला लावले, त्यात सॅनफर्डचं नुकसान झालं. सॅनफर्डने गोबेलचं न्यायाधीशपद हुकवलं. मग एका वर्तमानपत्रात सॅनफर्डवर मजकूर आला, त्यात त्याच्या नावाला एका गुप्तरोगाचं नाव जोडलेलं. ११ एप्रिल १८९५ ला बँकेच्या दारात दोघं समोरासमोर आले. सॅनफर्डने विचारलं, तो मजकूर तुझाच ना? गोबेल म्हणाला, हो. दोघांनी पिस्तुलं काढली. सॅनफर्डची गोळी गोबेलच्या कोटातून आणि विजारीतून आरपार गेली, गोबेलची सॅनफर्डच्या डोक्यात बसली. आधी कुणी झाडली हे साक्षीदारांनाही सांगता आलं नाही. स्वसंरक्षण म्हणून गोबेल सुटला. 'द्वंद्व' असं ठरलं असतं तर त्याचं राजकारण तिथेच संपलं असतं. का, ते खाली कुणी विचारलं तर सांगतो.

त्याच वर्षी केंटकीत पहिल्यांदा रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला, विल्यम ब्रॅडली. विधिमंडळ मात्र पुढे डेमोक्रॅटांकडे होतं. १८९८ मध्ये गोबेलने निवडणुकीचा नवा कायदा आणला. तीन जणांचं राज्य निवडणूक मंडळ, त्याची नेमणूक विधिमंडळ करणार. ते मंडळ प्रत्येक काउंटीचं (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचं) मंडळ नेमणार, आणि काउंटीची मंडळं केंद्रावरचे अधिकारी. म्हणजे वरपासून खालपर्यंत मोजणारे सगळे आपले. ब्रॅडलीने नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो मोडून काढला. गोबेलच्या पक्षातलेही कित्येक जण म्हणायला लागले की हा कायदा याने स्वतःला गव्हर्नर करण्यासाठीच शिवून घेतलाय.

जून १८९९ मध्ये लुईव्हिलच्या म्युझिक हॉलमध्ये पक्षाचं अधिवेशन झालं. उमेदवारीला तिघं: गोबेल, वॅट हार्डिन आणि विल्यम स्टोन. हार्डिनच्या मागे रेल्वे, आणि सगळ्यात जोरात तोच. गोबेलने स्टोनशी संगनमत करून अधिवेशनाचा अध्यक्ष आपला बसवला, मग स्टोनलाही वाऱ्यावर सोडलं. सभागृहात पोलीस, शिट्ट्या, भोंगे, गाणी, खुर्च्यांवर चढलेले प्रतिनिधी. २६ व्या फेरीत गोबेल उमेदवार झाला. नाराजांनी वेगळी चूल मांडली आणि माजी गव्हर्नर जॉन यंग ब्राउन यांना उभं केलं. रिपब्लिकनांकडून राज्याचा महाधिवक्ता विल्यम टेलर.

७ नोव्हेंबर १८९९ ला मतदान. टेलर १,९३,७१४, गोबेल १,९१,३३१, ब्राउन १२,०४०. फरक २,३८३ चा. ब्राउनच्या मतांकडे बघा. बंडखोरी झाली नसती तर ही गोष्टच झाली नसती.

गोबेलच्या लोकांनी हरकती घेतल्या. लुईव्हिलमध्ये ब्रॅडलीने मतदानाच्या दिवशी लष्कर उतरवून मतदार घाबरवले ही एक. दुसरी मतपत्रिकांच्या कागदाची: अनेक काउंट्यांत तो इतका पातळ होता की खूण पलीकडून दिसायची, म्हणजे मत गुप्त कसलं, आणि यामागे रेल्वेचा हात आहे. सगळ्यांच्या नजरा राज्य मंडळाकडे. तिघंही डेमोक्रॅट, गोबेलच्याच कायद्याने बसलेले. ९ डिसेंबरला निकाल लागला: दोन विरुद्ध एक, टेलर विजयी. बहुमताचं म्हणणं असं की काउंटीकडून आलेले आकडे जोडणं एवढंच आमचं काम, त्यांच्या मागे जाऊन न्यायनिवाडा करणं आमच्या अधिकारात नाही.

माझी सुई इथेच अडकली आहे. एवढा हुशार वकील, स्वतः कायदा लिहिला, माणसं आपली बसवली, आणि त्यातल्या दोघांनी कायदा जसा लिहिला होता तसा वाचला.

१२ डिसेंबरला टेलरचा शपथविधी झाला. पुढचं फ्रँकफर्टच्या त्या फरशीपर्यंतचं दुसऱ्या भागात लिहू की इथेच?

---

टवाळखोर

नाव वाचून आधी दचकलो, म्हटलं हिटलरचा प्रचारमंत्री केंटकीत कधी गेला. इथेच लिहा. दुसरा भाग म्हणून गेलेले लेखक परत येत नाहीत असा या संस्थळाचा इतिहास आहे.

---

सायली_तळेगाव

वाचतेय. पण कायद्यात "मंडळाने आकडे तपासायचे" असं लिहायला कुणी अडवलं होतं का याला?

---

निवृत्त_वकील

सायलीताई, अडवलं कुणी नव्हतं. त्याला वाटलं असावं की माणूस आपला असला की शब्द सैल चालतात. वकिली केलेल्या कुणालाही विचारा, बहुतेक करार याच समजुतीवर बुडतात. शिवाय गोबेलकडे अजून एक दार होतंच. गव्हर्नरपदाच्या वादाचा शेवटचा निर्णय विधिमंडळाचा, आणि बहुमत त्याच्या पक्षाचं. मंडळाच्या त्या दोघांनी फार मोठं धैर्य दाखवलं असं मला वाटत नाही, त्यांनी चेंडू वर ढकलला. धागाकर्ते, पुढचं येऊ द्या.

---

नदीपलीकडचा

बरोबर, तेच दार त्याने ठोठावलं. चौकशीसाठी दोन्ही सभागृहांतून ११ जणांची समिती चिठ्ठ्या टाकून काढायची होती. चिठ्ठ्या काढल्या तर १० निघाले गोबेलच्या बाजूचे आणि १ रिपब्लिकन. विधिमंडळातलं संख्याबळ बघता चार-पाच रिपब्लिकन यायला हवे होते. पेटीत काय केलं होतं ते सिद्ध झालं नाही, पण निकाल काय येणार ते शेंबड्या पोरालाही कळलं.

रिपब्लिकनांनी मग आपली चिठ्ठी टाकली. २५ जानेवारी १९०० ला पूर्वेकडच्या डोंगराळ भागातून सुमारे हजार माणसं बंदुका घेऊन फ्रँकफर्टला उतरली. आली कशाने? त्याच रेल्वेच्या गाडीने. त्यातले बरेच परत पाठवले, काही शे मागे राहिले.

३० जानेवारी, मंगळवार, सकाळी अकराच्या सुमाराला गोबेल दोन सोबत्यांना घेऊन विधानभवनाकडे चालत निघाला होता. एक जॅक चिन, दुसरा तुरुंगाचा वॉर्डन इफ्रेम लिलार्ड. शेजारच्या सरकारी कचेरीतून पाच-सहा गोळ्या सुटल्या. एक गोबेलच्या छातीत. उचलून जवळच्या कॅपिटल हॉटेलात नेलं.

ती फरशी ते कचेरीची जागा हे अंतर मी चालून बघितलं. मोजलं नाही, पण नेम धरणाऱ्याला गोबेलच्या कोटाची बटणं दिसली असतील इतकंच. बाबा तोवर त्याच पाटीवर उभे राहून आईला म्हणत होते, "माझा फोटो काढ." आईने काढला नाही. म्हणाली, अशा जागी कसला फोटो.

---

टवाळखोर

काकूंना दंडवत.

---

नदीपलीकडचा

पुढचे चार दिवस एका दमात सांगतो, कारण ते तसेच घडले.

टेलरने आणीबाणी पुकारली, लष्कर बोलावलं आणि विधिमंडळाला हुकूम दिला: आता अधिवेशन लंडनला. इंग्लंडमधलं नव्हे, केंटकीच्या डोंगराकडचं लंडन, रिपब्लिकन मुलूख. रिपब्लिकन गेले. डेमोक्रॅट विधानभवनात घुसायला गेले तर दारात संगिनी. मग ते गुपचूप हॉटेलात जमले, टेलरला मिळालेली पुरेशी मतं बाद धरली आणि गोबेल निवडून आल्याचा ठराव केला. ३१ तारखेला, अंथरुणावर, छातीत गोळीची जखम असताना, त्याला गव्हर्नरपदाची शपथ दिली. गव्हर्नर म्हणून त्याने हुकूम काढला: लष्कराने घरी जावं, विधिमंडळाने फ्रँकफर्टला परत यावं. लष्कराचा सेनापती रिपब्लिकन, त्याने ऐकलं नाही.

३ फेब्रुवारीला संध्याकाळी गोबेल गेला. पदावर असताना खून झालेला अमेरिकेतल्या राज्याचा एकमेव गव्हर्नर, आणि ते पद त्याला मिळालं होतं गोळी लागल्यानंतर. त्याच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, बेकहॅम आला, वय वर्षं ३०. आता राज्यात गव्हर्नर दोन, विधिमंडळं दोन, लष्करंही दोन.

शेवटचे शब्द म्हणून छापून आलं की सामान्य जनतेशी एकनिष्ठ राहा, असं त्याने मित्रांना सांगितलं. त्या वेळी तिथे असलेला अर्विन कॉब नावाचा वार्ताहर मात्र पुढे वेगळंच सांगायचा. गोबेलने ऑयस्टर (कालवं) मागवले, खाल्ले आणि "डॉक्टर, तो ऑयस्टर फारच वाईट होता" म्हणून मान टाकली. मला दुसरं जास्त खरं वाटतं. पहिलं वाक्य पुतळ्यासाठी बेतल्यासारखं आहे.

---

कोकणी_बाणा

आमदार हॉटेलात नेऊन ठराव करायची कल्पना आपली नव्हे हे वाचून अभिमान गळून पडला.

---

संपादक_मंडळ

चालू राजकारण नको, कृपया. धागा चांगला चालू आहे.

---

रेवा

मला एक खटकतंय. सगळे गोबेलला खलनायक करून मोकळे होत आहेत. त्याचे डावपेच घाणेरडे होते, मान्य. पण समोर कोण होतं? मालाचं भाडं वाटेल तसं लावणारी, आमदारांना फुकट पास वाटणारी, आणि वेळ आली की हजार बंदूकधारी वाहून आणणारी कंपनी. तिच्याशी शुद्ध हातांनी लढून कोण जिंकलं असतं? १८९८ मध्ये रेल्वेचे दर ठरवण्याचं विधेयक मंजूर झालं होतं, ते ब्रॅडलीने अडवलं. गोबेल मेल्यावर १९०० मध्ये तेच पुन्हा आणून मंजूर केलं. म्हणजे मुद्दा खोटा नव्हता.

---

निवृत्त_वकील

रेवा, मुद्दा खराच होता. पण भाडं कमी करायला मतमोजणी का हातात घ्यावी लागते? त्याच वर्षी ऑक्टोबरात खुद्द त्याच्या पक्षाच्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन तो निवडणूक कायदा बदलला. तेव्हा गोबेलची सहानुभूती शिगेला होती, तरी बदलला. पोळलेल्यांनाच ठाऊक असतं ताक फुंकून का प्यायचं ते.

---

रेवा

बदलला, कारण नोव्हेंबरात बेकहॅमला निवडणूक लढवायची होती आणि तो कायदा गळ्यात धोंडा झाला होता. तत्त्वबित्त्व काही नाही. तरी जेमतेमच जिंकला.

---

निवृत्त_वकील

हा मुद्दा तुमचा. मान्य.

---

जुनं_ते_सोनं

यात काळ्या मतदारांचं काय? ते कुठेच आले नाहीत.

---

नदीपलीकडचा

राहून गेलं, चूक माझी. केंटकीत काळ्या पुरुषांचा मताधिकार दक्षिणेतल्या इतर राज्यांसारखा काढून घेतला गेला नव्हता, आणि त्यांची मतं बहुतांशी लिंकनच्या पक्षाला, म्हणजे टेलरकडे जायची. १८९२ पासून राज्यात रेल्वेचे डबे वेगळे करणारा कायदा होता. गोबेल त्यावर बरेच दिवस गुळमुळीत बोलत राहिला, शेवटी कायदा राहू देईन म्हणाला. 'सामान्य जनता' या शब्दांत कोण धरलं होतं ते यावरून समजावं. बायकांना तर मतच नव्हतं.

---

सायली_तळेगाव

खून कुणी केला ते सांगा आता. तीन दिवस झाले.

---

नदीपलीकडचा

तेच तर कळलं नाही, आजतागायत.

गोळ्या ज्या कोपऱ्यातल्या खोलीतून सुटल्या असं सरकार पक्षाने मांडलं ती कचेरी टेलरच्या सरकारातला सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याचा एक वरिष्ठ अधिकारी) केलेब पॉवर्स याची. पण पॉवर्स त्या सकाळी लुईव्हिलच्या गाडीत होता. विधिमंडळाने तपासासाठी एक लाख डॉलर ठेवले, आणि एवढे पैसे ठेवल्यावर साक्षीदारांना तोटा कसला! १६ जणांवर आरोप, खटला चालला पाच जणांवर, त्यातले दोन सुटले. दोषी ठरले तिघं: पॉवर्स, हिशेब कचेरीतला कारकून हेन्री यूट्सी आणि जिम हॉवर्ड. हा हॉवर्ड क्ले काउंटीच्या घराण्यांच्या वैरातला. तो नेमका त्याच सकाळी फ्रँकफर्टला पोचला होता, दुसऱ्या एका खुनाबद्दल गव्हर्नरकडे माफी मागायला! यूट्सीने नंतर सांगितलं की गोळी हॉवर्डने झाडली आणि कट टेलर-पॉवर्सचा. हॉवर्ड शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला.

पॉवर्सचे चार खटले झाले. तीनदा दोषी, तिन्ही वेळा वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, चौथ्यांदा ज्यूरीचं एकमत होईना. १९०८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर विल्सनने त्याला आणि हॉवर्डला माफी दिली. आणि लोकांनी पॉवर्सला उचलून वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पाठवलं, १९११ ते १९१९. आठ वर्षं कोठडीत, आठ वर्षं काँग्रेसमध्ये.

---

कोकणी_बाणा

फिटंफाट.

---

सायली_तळेगाव

आणि टेलर?

---

निवृत्त_वकील

याचं मी सांगतो, कारण हा निकाल मी वाचला आहे. टेलर विरुद्ध बेकहॅम, सर्वोच्च न्यायालय, मे १९००. टेलरचं म्हणणं, माझं पद हिरावून घेणं म्हणजे माझी मालमत्ता हिरावून घेणं. सरन्यायाधीश फुलर म्हणाले, सार्वजनिक पद ही मालमत्ता नाही. राज्याच्या घटनेने वाद विधिमंडळाकडे सोपवला आहे, आम्ही त्यात पडणार नाही. विरोधी मत दिलं न्या. हार्लन यांनी. ते स्वतः केंटकीचे, आणि एके काळी याच गव्हर्नरपदासाठी दोनदा उभे राहून पडलेले. म्हणजे मोजणीच्या मंडळाने जसं "आमच्या अधिकारात नाही" म्हटलं, तसंच देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानेही म्हटलं. फरक एवढाच की पहिल्याने टेलरचा फायदा झाला, दुसऱ्याने बेकहॅमचा.

निकालानंतर टेलर नदीपलीकडे इंडियानात पळाला. खुनाच्या कटाचा आरोप डोक्यावर, पण इंडियानाचे गव्हर्नर रिपब्लिकन, त्यांनी त्याला केंटकीच्या हवाली करायला नकार दिला. इंडियानापोलिसमध्ये विम्याच्या धंद्यात स्थिरावला. १९०९ मध्ये विल्सनने त्यालाही माफी दिली.

---

जुनं_ते_सोनं

अवांतर, पण याच काळात रमलोय म्हणून. २,३८३ म्हणजे खूपच झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३९ ला मार्कस मॉर्टन एका मताने गव्हर्नर झाला. तिथे तेव्हा जिंकायला एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागायची. एकूण मतं १,०२,०६६, मॉर्टनला ५१,०३४. एक कमी पडलं असतं तर निर्णय विधिमंडळाकडे गेला असता, आणि तिथे बहुमत विरोधकांचं. हरलेला गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट. त्याच्या पक्षाने आदल्या वर्षी कायदा केला होता की दारू १५ गॅलनपेक्षा कमी विकायची नाही. म्हणजे पिंप परवडणाऱ्याने प्यावी, पेलाभर पिणाऱ्याने तोंड धुवावं. पेलेवाल्यांनी मतपेटीत सूड घेतला. आणि मजा म्हणजे त्याच्याच पक्षाच्या हाती विधिमंडळ असून त्यांनी ते एक मत मान्य केलं, किरकिर न करता.

विस्कॉन्सिनमध्ये १८५५ ला याच्या अगदी उलट. आधी गव्हर्नर बारस्टो १५७ मतांनी पुन्हा निवडून आला म्हणून जाहीर झालं. मग कळलं की वस्तीच धड नाही अशा उत्तरेकडच्या ठिकाणांहून भरघोस मतं आली आहेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बाद करून त्याचा प्रतिस्पर्धी बॅशफर्ड याला गव्हर्नर केलं. बारस्टोने निकालाआधीच राजीनामा टाकला, आणि मधले चार-पाच दिवस लेफ्टनंट गव्हर्नर आर्थर मॅकआर्थर गव्हर्नर होता. दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल मॅकआर्थरचा आजोबा.

---

रेवा

म्हणजे विस्कॉन्सिनच्या कोर्टाने आकड्यांच्या मागे जाऊन पाहिलं आणि केंटकीच्या मंडळाने नाही. धागाकर्ते, तुमच्या अडकलेल्या सुईला यात काही वाट सापडते का?

---

नदीपलीकडचा

थोडी. विस्कॉन्सिनमध्ये वाद कोर्टात गेला, जिथे पुरावा मागावा लागतो आणि समोरच्याला बोलू द्यावं लागतं. केंटकीत गव्हर्नरपदाच्या वादाला कोर्टाची वाटच नव्हती, घटनेनेच तो विधिमंडळाकडे सोपवला होता. आणि मोजणीची मंडळं गोबेलने पक्षाच्या हातात दिली. मग खऱ्या तक्रारी, उदाहरणार्थ त्या पातळ मतपत्रिका, कुणापुढे मांडायच्या? मांडल्या तरी दहा-एकच्या समितीने दिलेल्या न्यायावर विश्वास कुणी ठेवायचा? कदाचित त्याच्यावर खरंच अन्याय झाला असेल. ते सिद्ध करायची जागा त्याने स्वतःच्या हाताने मोडली होती.

---

टवाळखोर

द्वंद्वाचं राहिलं. वर म्हणाला होतात, विचारलं तर सांगतो. विचारतो.

---

नदीपलीकडचा

हां. केंटकीच्या घटनेतली पदाची शपथ. त्यात म्हणावं लागतं की मी या राज्यात किंवा बाहेर प्राणघातक शस्त्रांनी द्वंद्व खेळलेलो नाही, कुणाला आव्हान दिलं वा पोचवलं नाही, कुणाच्या द्वंद्वात साथ दिली नाही. सॅनफर्डचा मामला द्वंद्व ठरला असता तर गोबेलला ही शपथ घेताच आली नसती. हॉटेलातल्या अंथरुणावर त्याने ती घेतली तेव्हा शब्द हेच होते.

---

लेक्सिंग्टनची_आई

इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज राहवलं नाही. ती शपथ अजून आहे! फक्त गव्हर्नरला नाही, सगळ्या वकिलांनाही घ्यावी लागते. माझ्या लेकीने घेतली, आम्ही दोघं पैठणी-झब्बा घालून बसलो होतो. दीडेकशे पोरंपोरी उजवा हात वर करून एका सुरात "द्वंद्व खेळलेलो नाही" म्हणत होती आणि मागच्या रांगेत सगळे पालक तोंड दाबून हसत होते. मला वाटलं काहीतरी जुनी गंमत असेल. लेकीला हा धागा पाठवलाय. तिचं उत्तर आलं, "आई, मी गोबेल स्ट्रीटवरून रोज जायचे तेव्हा मला वाटायचं कुणी बेकरीवाला असेल."